बटाट्याच्या थप्पीमागचा पिंग

ऑनलाइन खेळासाठी घरातले जाळे दोन तऱ्हांनी जोडता येते. एका तऱ्हेत राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल जाते आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या पायात निदान एकदा येते. दुसऱ्या तऱ्हेत केबल नसते, त्यामुळे माणसे अडखळत नाहीत. अडखळतो तो खेळ. पहिली सोय सोडून दुसरीकडे जाण्याचे हे स्थलांतर सध्या घरोघर चालू आहे. त्याचा नीट अभ्यास करायचा तर नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटाइतकी सोयीची जागा नाही, कारण बिनतारी लहरींना जे जे म्हणून वर्ज्य आहे ते सगळे तिथे घाऊक मिळते.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या या पसाऱ्यात पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. भायखळा, क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदर अशा ठिकाणी दाटीवाटीने चालणारा हा व्यापार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून आला. फळे आणि भाजी सगळ्यात शेवटी, १९९६ मध्ये. येताना व्यापाऱ्यांनी भरपूर कुरकुर केली. आज त्यांना पुन्हा मुंबईत जा म्हटले तर तेवढीच कुरकुर ते नव्याने करतील. तार सोडताना खेळाडू करतात ती कुरकुर याच जातीची. फरक इतकाच, की खेळाडूंचे म्हणणे पुष्कळदा खरे निघते.

गाळ्याची रचना साधारण ठरलेली असते. खाली मालाची थप्पी, पुढे गादी आणि गल्ला, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर दिवसा मेहताजी हिशेबाच्या पट्ट्या लिहितो आणि रात्री गाळ्यावरची पोरे पथारी टाकतात. अलीकडे तिथे आणखी एक वस्तू दिसते: शेठच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा संगणक. तो हिशेबासाठी घेतलेला असतो. आडत, हमाली, तोलाई आणि वाराई यांची बेरीज करायला लाल-निळे दिवे लावलेले ग्राफिक कार्ड लागत नाही हे शेठला पक्के ठाऊक असते. पण पोरगा गाळ्यावर येऊन बसतो तरी, एवढ्यावर तो समाधान मानतो. पोरगाही बसतो. कानाला हेडफोन लावून बसतो, त्यामुळे टोमॅटोचा भाव विचारणाऱ्याला 'मागून ये, मागून ये' असे उत्तर मिळते.

तार निघते ती सहसा तांत्रिक कारणाने नव्हे. पहिले कारण उंदीर. बाजारातला उंदीर हा खाऊनपिऊन सुखी प्राणी आहे. तो केबल कुरतडतो ती भुकेपोटी नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कडक लागते, आणि केबलचे आवरण या कामाला नेमके सोयीचे पडते. दुसरे कारण क्लिप. केबलच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो त्याच्या पाठीवर नखाएवढी प्लास्टिकची जीभ असते. ती खोबणीत 'टक्' करून बसते आणि प्लग धरून ठेवते. ही जीभ मोडायला केबल एकदाच उलटी ओढावी लागते. मोडली की प्लग बसतो, पण धरत नाही. शेजारून हातगाडी गेली तरी सुटतो. मग काडेपेटीची अर्धी काडी खोचणे, जुन्या पट्टीची घडी घालून पाचर मारणे, शेवटी सुतळीने प्लग राउटरच्या मानेला आवळून बांधणे हे उपाय क्रमाने होतात. गोणी शिवायचे दाभण हाताशी असल्यामुळे काही जण त्याहून पुढे जातात, आणि राउटरच बदलावा लागतो.

तिसरे कारण घरातले. दिवाळीचा रंग, मुलीचा साखरपुडा किंवा गावाहून येणारे पाहुणे यांपैकी काहीही ठरले, की 'ती तार आधी काढ' असा हुकूम सुटतो. या हुकुमावर अपील नाही.

आता तार गेल्याने नेमके काय जाते ते पाहायला हवे. फळबाजारात हापूसचा सौदा करण्याची एक जुनी रीत आहे. अडत्या आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात. भोवती दहा जण उभे असले तरी कुणाला काही कळत नाही, आणि कुणामुळे सौदा खोळंबतही नाही. बाजार समितीच्या नियमाला ही रीत मान्य नाही. सौदा उघड व्हावा असे नियम म्हणतो. लॅन केबल मात्र रुमालाखालीच चालते. दोनच टोके, दोघांना एकाच वेळी बोलण्याची मुभा, तिसऱ्याचा संबंध नाही. वायफाय हा उघडा लिलाव आहे. हवा एकच, बोलणारे अनेक, आणि दोघे एकदम ओरडले तर दोघांचेही बोल फुकट.

म्हणून बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले तेव्हाच त्यात शिस्त घालून दिली गेली: बोलण्याआधी ऐका. आजच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपकरण आधी ३४ मायक्रोसेकंद हवा मोकळी आहे का ते ऐकते. मग ० ते १५ यांतला कुठलाही एक आकडा धरते आणि ९ मायक्रोसेकंदांचा एक, असे तितके टप्पे मोजते. मध्येच दुसरे कुणी बोलू लागले तर मोजणी तिथेच थांबते. आपली पाळी आल्यावर बोलून झाले आणि समोरून पोच आली नाही, तर पुढच्या वेळी आकडा दुपटीच्या मर्यादेतून निवडायचा. ही मर्यादा वाढत वाढत १०२३ पर्यंत जाते. इतकी सभ्यता तुर्भ्याच्या कुठल्याही खऱ्या लिलावात कुणी दाखवली असेल असे वाटत नाही. पण सभ्यतेला वेळ लागतो, आणि खेळाडूला नेमका तोच परवडत नाही.

हा वेळ पिंगमध्ये दिसतो. खेळाडूच्या संगणकावरून निघालेला निरोप सर्व्हरला पोचून परत यायला जितके मिलिसेकंद लागतात तितका पिंग. व्हॅलोरंटसारख्या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांच्या आत, कोण कुठे उभा आहे याची नोंद करतो. शांत घरातले वायफाय पिंगमध्ये दोन-चार मिलिसेकंदांची भर घालते. ती कुणाच्या लक्षातही येत नाही. गजबजलेल्या जागी हीच भर पन्नासावर, कधी शंभरावर जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती स्थिर राहत नाही. कायम ६० पिंग असला तर हात त्याला सरावतो. १५ वरून १८० वर आणि पुन्हा १५ वर उडी घेणाऱ्या पिंगला कुणीच सरावत नाही. खेळाडू आपल्या पडद्यावर भिंतीआड जाऊन बसलेला असतो. सर्व्हरच्या वहीत तो अजून मोकळ्यावर उभा असतो. गोळी लागते ती वहीप्रमाणे. गाळ्यावर ज्याची उधारी लिहिली जाते त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावर उपाय म्हणून शेठकडून आणखी मोठा प्लॅन मंजूर करून घेतला जातो. १०० एमबीपीएसचा ३०० होतो, पैसे जातात, पिंग तिथेच राहतो. खेळाचे निरोप अगदी बारीक असतात, सेकंदाला काही डझन. त्यांना रुंद रस्ता नको असतो, न थांबता जायला हवे असते. दूरचा सर्व्हर हेही कारण दरवेळी खरे नसते. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईहून सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे, तेव्हा तिथल्या सर्व्हरसाठी जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निसर्गालाच द्यावे लागतात, केबलच्या वळणांचे वेगळे. परंतु बरेच खेळ मुंबईतले सर्व्हर वापरतात, आणि तुर्भ्यापासून हाकेच्या अंतरावर, महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत. दहा किलोमीटरचे जाणे-येणे प्रकाशाला एक दशांश मिलिसेकंदाचे. म्हणजे निरोप ठाणे-बेलापूर रस्ता डोळ्याचे पाते लवायच्या आत पार करतो आणि गाळ्यात शिरल्यावर पोटमाळ्याच्या जिन्याखाली ताटकळतो.

ताटकळण्याचे आणखी एक ठिकाण म्हणजे राउटरच्या आतली रांग. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री लागतात आणि उजाडायच्या आत बराचसा माल हातावेगळा होतो. त्याच सुमाराला अडत्या आलेल्या मालाच्या वक्कलाचा व्हिडिओ काढून जुन्नरच्या शेतकऱ्याला पाठवतो: 'दादा, फ्लॉवर भिजून आलाय, भावाचं मनावर घेऊ नका.' शेतकरी दादा भावाचे मनावर घेतात ते घेतातच; तिकडे पोटमाळ्यावर व्हिडिओचे हजारो तुकडे राउटरच्या रांगेत पुढे आणि खेळाचा एक बारकासा निरोप त्यांच्या मागे. जुन्या राउटरांची स्मृती मोठी असते, ते काहीही टाकून देत नाहीत, सगळे सांभाळून ठेवतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये यावर तोड काढली. रांग किती लांब आहे ते न पाहता निरोप रांगेत किती वेळ उभा आहे ते पाहायचे आणि फार वेळ झाला तर काही निरोप खुशाल टाकून द्यायचे. पाठवणारा समजतो आणि दम घेतो. ही सोय ज्या राउटरमध्ये आहे तो घ्यावा, आणि ती सुरू करावी. बहुतेक घरांत राउटरच्या आतली पाने उघडायचा पासवर्ड केबलवाल्याच्या पोरालाच माहीत असतो आणि ते पोर आता दुसऱ्या कंपनीत असते.

लहरींचे दोन पट्टे मुख्य. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा बराच भाग २०१८ मध्ये. २.४ लांब जातो, भिंतीलाही फार भीक घालत नाही. पण त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे मार्ग तीनच आहेत, १, ६ आणि ११. बाजारात गाळ्याला गाळा चिकटून, प्रत्येकाचा राउटर वेगळा, आणि सगळ्यांचे मार्ग कंपनीने सोडले तसेच. त्यातच ब्लूटूथ, शेजारचा सीसीटीव्ही आणि कॅन्टीनमधला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात घुसतात. समोसा गरम व्हायला टाकला आणि पोटमाळ्यावर 'अरे यार!' असा आवाज आला, तर यांचा कार्यकारणसंबंध लावायला हरकत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ, गर्दी कमी, म्हणून खेळासाठी तोच बरा. मात्र तो नाजूक आहे. आड काही आले की गळतो.

आड काय येते हा एपीएमसीतला खरा प्रश्न. लहरी पाण्यात मुरतात. माणसाच्या अंगात पाणी असते, त्यामुळे माणसांनी भरलेल्या विमानात वायफाय कसे पसरेल याची चाचणी बोईंग कंपनीला घ्यायची होती. तासन् तास हालचाल न करता बसणारी माणसे मिळणे अवघड, म्हणून कंपनीने विमानाच्या खुर्च्यांवर बटाट्याच्या गोणी बसवल्या. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या प्रयोगात २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ टन बटाटे लागले. लहरींच्या बाबतीत बटाटा आणि माणूस बरेचसे सारखे वागतात असा अनुभव आला. प्रयोगाला अमेरिकेत इंग्रजी आद्याक्षरे जुळवून बटाट्याचेच नाव दिले आणि वर्तमानपत्रांनी ती मोठी गंमत म्हणून छापली. पन्नास किलोच्या गोणीच्या हिशेबाने हे १८० गोणी होतात. कांदा-बटाटा बाजारात ती एका ट्रकची आवक, आणि ट्रकभर आवकेची तिथे कुणी बातमी करत नाही.

यावरून एक सिद्धांत निघतो, आणि तो अजून कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात आलेला नाही. राउटर गल्ल्याशी आणि खेळाडू पोटमाळ्यावर असेल तर मधली थप्पी लहरी पिते. माल उठला की थप्पी उतरते, पिंगही उतरतो. भाव पडला की माल पडून राहतो, थप्पी चढते आणि तिच्याबरोबर पिंगही. म्हणजे शेठ आणि चिरंजीव यांचे तोंड एकाच दिवशी उतरते, कारण मात्र ते एकमेकांना सांगत नाहीत.

या कसोटीवर बाजारांची प्रत लावता येते. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी, कांद्यात ८९. फळबाजार उन्हाळ्यात सर्वांत वाईट, कारण कलिंगडात ९२ टक्के पाणी असते आणि शेजारी शीतगृहाचे पत्र्याचे दार; पत्रा लहरी पीत नाही, सरळ परत पाठवतो. धान्याच्या गोणीत ओलावा १२-१४ टक्के, सुक्या मिरचीत त्याहूनही कमी. शास्त्र असे सांगते की ऑनलाइन खेळाला सर्वोत्तम जागा मसाला मार्केट. शिंक आवरून नेम धरता येत असेल त्याने हा सल्ला अवश्य मानावा.

बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या घरची अडचण वेगळी. कोपरखैरणे, घणसोलीकडे सिडकोने दिलेली बैठी घरे आता मजल्यावर मजला चढवून उभी आहेत. तळमजल्यावर आजोबा, वर थोरले, त्यावर धाकटे, आणि सगळ्यात वर खेळणारा नातू. राउटर आजोबांकडे, कारण बिल त्यांच्या नावावर. मध्ये दोन-तीन स्लॅब, स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या. आजोबा आयुष्यभर पाठीवर ओझे घेऊन जिने चढले. वायफायला एक जिना चढवत नाही याचे त्यांना खरेखुरे आश्चर्य वाटते. 'आरं, हिकडं तर पाचच्या पाच दांड्या दिसत्यात!' असे ते खालून ओरडून सांगतात, आणि ते बरोबरच असते.

राउटर कुठे ठेवावा याविषयी शास्त्र आणि परंपरा यांत मतभेद आहे. शास्त्र म्हणते उंचावर, घराच्या मध्यावर, मोकळा. परंपरेने त्याची स्थापना टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी होते. दसऱ्याला काट्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहतात. हळदकुंकवाने पिंग बिघडत नाही. लोखंडी कपाटाने बिघडतो.

मोबाइलवर खेळणाऱ्याला तारेचा मोह सहसा नसतो, आणि बाजारात असेच खेळाडू अधिक दिसतात. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, तो २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून उतरला आणि २०२३ मध्ये परत आला. एवढ्या काळात पोटमाळ्यावरची पथारी हललेली नाही. मोबाइलवाल्याने ५ गिगाहर्ट्झ धरावा, आणि तो पुरेना तर मोबाइलचा डेटा लावून पाहावा. कधी कधी तोच स्थिर निघतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे, तेव्हा त्यासाठी राउटर हलवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

राउटर वाढवून मेश लावणे हा शेवटचा पर्याय म्हणून सांगितला जातो. मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर लिलावात आणखी दोन ओरडणारे वाढतात. त्यावर दुकानदार सांगतो की डबे आपसांत केबलने जोडा. केबल ओढून झाल्यावर ती डब्याऐवजी थेट संगणकात घातली तर डब्याचे पैसे वाचले असते, हे त्या वेळी कुणी बोलत नाही.

तेव्हा राउटर आणि खेळाडू एकाच खोलीत, समोरासमोर, मध्ये गोणी नाही आणि पट्टा ५ गिगाहर्ट्झचा, एवढे जमत असेल तर तार काढायला हरकत नाही. घरी आलेले पाहुणेही खूश राहतील. यातले एक जरी जमत नसेल तर केबल ठेवावी, उंदराच्या भयाने ती पाइपातून न्यावी आणि क्लिप मोडल्यास दाभण न आणता नवा प्लग बसवून घ्यावा. साधी कॅट-५ई केबलही शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग देते, आणि एपीएमसीतला कुठलाही गाळा शंभर मीटर खोल नाही.